कोकरू माझ्याच हातात का अडकायचं

शिक्रापूरच्या चौकातून चाकणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आता टायरचं दुकान आहे. तिथं पूर्वी आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, तीन टेबलं आणि आम्ही आठ-नऊ बायका. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी आम्ही तयार करायचो. चिपा बसवलेल्या हिरव्या पट्ट्या बाहेरून यायच्या. त्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवायच्या, स्क्रू पिळायचे, वर कोकराचं चित्र चिकटवायचं. मी शेवटच्या टेबलावर. माझं काम कॅसेट मशीनमध्ये घालून खेळून बघायचं आणि नीट चालली तर मागं ओकेची गोल चिठ्ठी लावायची.

कोणाला सांगितलं तर हसतील की मी मोठी बाई दिवसभर टीव्हीवर कोकराला उड्या मारायला लावायचे. पण ते कामच होतं.

कोकरू आमच्या साहेबांचं होतं. साहेब पुण्याचे. बाहेरदेशी गेममध्ये एकच प्राणी घेऊन त्याचे भागावर भाग काढतात, तसं आपणही काढायचं असं त्यांच्या डोक्यात होतं. गळ्यात घंटी बांधलेलं पांढरं कोकरू, खड्ड्यांवरून उड्या मारत, गवताच्या पेंढ्या गोळा करत जायचं. पहिला भाग चालला. दुसराही चालला. तिसरा दिवाळीला बाजारात यायचा होता, आणि सगळं बिघडलं ते तिसऱ्यातच.

चित्रं काढणारा माणूस साहेबांशी भांडून मधेच निघून गेला. मागं राहिले फक्त प्रोग्राम लिहिणारे, ज्यांना आम्ही कॉम्प्युटरवाले दादा म्हणायचो. ते पुण्याहून एसटीनं यायचे. तिसऱ्या भागात नवीन गोष्ट अशी होती की वाटेत हरवलेली कोकरं सापडायची आणि सापडली की आपल्या कोकराच्या मागं चालायला लागायची. शेवटापर्यंत सात कोकरांचा कळप व्हायचा. चित्रकार नसल्यामुळं सातही कोकरं एकाच चेहऱ्याची, फक्त कानांचे रंग वेगळे. साहेबांना बारा कोकरं हवी होती. मशीनला तेवढी झेपत नाहीत, असं दादा त्यांना दर खेपेला समजावून सांगत.

पहिल्यांदा कळप चालताना बघून मला गंमत वाटली, कारण मी स्वतः कळपामागं वाढले. माझ्या माहेरचे मेंढरंवाले, सासरचेही मेंढरंवाले. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली, कारण दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायचा आणि पोरीला मागं ठेवायचं कोणाकडं. सासरी तेच. फक्त माझी मुलगी शाळेत बसायला लागली तेव्हा मी शिक्रापूरला खोली घेतली, कारखान्यात लागले, आणि तिचे वडील आणि सासूबाई कळपाबरोबर राहिले. त्या वर्षी मुलगी चौथीत होती.

पावसाळ्याच्या शेवटी कळप न्हावऱ्याच्या आसपास होता. एका बाजाराच्या दिवशी मुलीचे वडील खोलीवर आले. घोंगडी दारातच ठेवली, पाणी प्यायले.

"आईचं गुडघं धरल्यात," ते म्हणाले. "ह्या खेपंला तिला स्वैपाक व्हायचा न्हाई. तुझं काम हाय तवर तू ऱ्हा, मी काय म्हणत न्हाई. पर काम सुटलं तर दिवाळीनंतर पोरीला घिऊन चल."

"तिची शाळा?"

"चौथी व्हत आली की. तुझी बी तेवढीच झाली." त्यांनी हे रागानं म्हटलं नव्हतं. खरंच तसं वाटत होतं त्यांना.

काम काही सुटत नव्हतं, मला भीती नव्हती. पण त्याच आठवड्यात तिसऱ्या भागाच्या नमुन्याच्या कॅसेटी आल्या आणि माझ्या टेबलावर कोकरू अडकायला लागलं.

पहिली दोन मैदानं नीट व्हायची. तिसऱ्यात कळप वाढला की मधेच सगळं थांबायचं. कोकरू एक पाय उचललेलं, मागची कोकरं एकमेकांवर चढल्यासारखी. गाणं मात्र एकाच सुरावर वाजत राहायचं, मच्छर कानात अडकल्यासारखं. मग बटण बंद करून परत सुरू करावं लागायचं.

मी कॅसेट बाजूच्या टेबलावर दिली. तिथल्या दोघींनी खेळून बघितली, चालली. दादांनी बघितली, चालली. परत माझ्याकडं आली, अडकली.

आमच्यावर देखरेख करायला वहिनी होत्या. जवळच्याच गावच्या मोठ्या घरातल्या सून, दीर सोसायटीत. आवाज मोठा, पण अगदीच वाईट बाई नव्हत्या. त्या माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्याच हातात कसं गं अडकतंय?"

"माहीत न्हाई, वहिनी."

"मेंढरं हाकायचे हात हायेत हे. मशीनला सवय न्हाई." दोघी-तिघी हसल्या. "जरा हलकं धरत जा. दांडकं न्हाई ते."

आता मला इथं एक गोष्ट लिहायलाच पाहिजे, कारण सगळं त्याच्यावरच आहे. माझ्या टेबलावरचा गेम खेळायचा रिमोट जुना होता. त्याच्यावरची अधिक चिन्हासारखी चाकी वर्षभरापूर्वीच तुटून पडली होती. खालचे चार रबरी ठिपके उघडे दिसायचे, डावा, उजवा, वरचा, खालचा. बाकीच्या बायका रिमोट दोन्ही हातांत धरून अंगठ्यानं खेळायच्या. मला उघड्या रबरावर अंगठ्यानं जमेना. म्हणून मी रिमोट मांडीवर ठेवायचे आणि डाव्या-उजव्या ठिपक्यावर दोन बोटं ठेवायचे. तसाच हात बसला. मी सगळ्यांत पुढं जायचे. शेवटच्या मैदानापर्यंत जाणारी कारखान्यात मी एकटीच होते, दादासुद्धा नाहीत. नवा रिमोट मागायला हवा होता. पण मागायचं म्हणजे वहिनींकडं जायचं, त्या सगळ्यांदेखत विचारणार, कसा मोडला, कोणी मोडला. चालतंय ना, मग कशाला. असं म्हणत म्हणत वर्ष गेलं.

कोकरू अडकायला लागलं तेव्हाही माझ्या मनात रिमोट आला नाही. माझ्या हातालाच काही झालंय, असं खरंच वाटलं. आणि वाटलं म्हणून मी जे केलं ते चांगलं नव्हतं. अडकलेली कॅसेट मी वहिनींना दाखवणं बंद केलं. बटण बंद करायचं, परत सुरू करायचं, दुसऱ्या खेपेला चालली की मागं ओकेची चिठ्ठी लावायची. त्या आठवड्यात मी अशा किती चिठ्ठ्या लावल्या, मला माहीत नाही. प्रत्येक चिठ्ठी लावताना माझ्या डोळ्यांपुढं मुलीचं दप्तर यायचं.

शनिवारी साहेब आले. दादाही आले, डोळे लाल, दाढी वाढलेली. साहेबांनी आम्हाला एकत्र बोलावलं.

"उद्या दौंडला शेठजींना दाखवायचंय," ते म्हणाले. "त्यांनी हो म्हटलं तर सोमवारी चिपांची ऑर्डर जाईल. एकदा चिपा भरून आल्या की आत काहीही बदलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्यांनी नाही म्हटलं, तर दिवाळीनंतर मला इथं कुलूप लावावं लागेल. हेही सांगून ठेवतो."

दौंडच्या शेठजींच्या दुकानातून रेल्वेलाईनीनं पार खालपर्यंत माल जायचा. आमच्या दोन्ही भागांचा अर्ध्याहून जास्त माल त्यांनीच उचलला होता.

"खेळून कोण दाखवणार?" दादांनी विचारलं. "माझ्याच्यानं तिसऱ्या मैदानापुढं जात नाही. ह्यांनाच न्यावं लागेल." त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"तिच्या हातात अडकतं, साहेब," वहिनी म्हणाल्या. "सोमवारपासून तिला पॅकिंगला बसवायचं का घरी पाठवायचं, तेच इचारणार व्हते मी. पॅकिंगला तर माणसं जास्तीच हायेत."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होते.

"उद्या नीट झालं तर बघू," ते म्हणाले. "नीट झालं नाही तर मग तसंच करा."

सकाळी मुलगी शेजारच्या काकूंकडं ठेवली आणि साहेबांच्या जीपमध्ये मागं बसले. मांडीवर खोकं. त्यात नवं मशीन, तिसऱ्या भागाबरोबर विकायचं होतं ते. रस्त्यात न्हावऱ्याच्या पुढं एका कांद्याच्या रानात मेंढरं बसवलेली दिसली. आमचीच होती. सासूबाई पालापाशी पाय पसरून बसल्या होत्या आणि गुडघ्याला काहीतरी चोळत होत्या. जीप पुढं गेली. त्यांना मी दिसले नाही.

दुकान स्टेशनजवळ होतं. टीव्ही, पंखे, रेडिओ, काचेच्या काउंटरवर सेलचे ढीग. शेठजी जाडसर, शांत, बोलताना चष्म्यावरून बघणारे. त्यांनी चहा मागवला. दादांनी मशीन जोडलं आणि रिमोट माझ्या हातात दिला.

नव्या रिमोटवर अधिकची चाकी नव्हती. चार गोल बटणं होती, सुटी सुटी. डावं, उजवं, वरचं, खालचं. साच्याला स्वस्त पडतं म्हणून तशी केली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की हा तर माझाच मोडका रिमोट आहे, फक्त नवा.

मी तो सवयीनं मांडीवर ठेवायला गेले. पण साहेब शेजारीच होते. ते हळूच म्हणाले, "अंगठ्यानं खेळा. मांडीवर ठेवू नका." मी अंगठ्यानं खेळले. सगळं अंग घामानं भिजलं. पहिलं मैदान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात एकेक कोकरू सापडत गेलं. चौथ्यात सातही मागं चालत होती, कान हलवत, आणि एकदाही काही थांबलं नाही. शेठजी हसले.

"हे चांगलं केलंय. मागनं येतात ती. पोरांना आवडेल." त्यांनी हात पुढं केला. "द्या इकडं."

मी रिमोट दिला. त्यांनी तो काचेवर सपाट ठेवला, कॅल्क्युलेटर ठेवतात तसा, आणि दोन्ही हातांची पहिली बोटं डाव्या-उजव्या बटणावर ठेवली.

त्या क्षणी मला सगळं कळलं. माझ्या हातात काही नव्हतं. दोन बोटं एकदम दाबली गेली की ते व्हायचं. अंगठा एक, तो एका वेळी एकीकडंच जातो. बोटं दोन.

मी गप्प बसले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. शेठजींनी थोडं खेळून ठेवून दिलं असतं, सोमवारी ऑर्डर गेली असती, माझी जागा राहिली असती. दिवाळीला घराघरांत पोरं अडकली असती, पण ते दिवाळीला. आणि आत्ता शेठजींच्या हातात अडकलं असतं, तरी वहिनींना कळलं असतं की अडकायला माझाच हात लागत नाही. दोन्हीकडून गप्प बसणंच माझ्या फायद्याचं होतं.

"असं नका धरू," मी म्हणाले.

आवाज माझाच होता, पण ऐकून मीच दचकले. साहेबांनी वळून बघितलं.

"का?" शेठजींनी चष्म्यावरून विचारलं. "मग कसं धरायचं?"

"काही नाही हो, त्यांची सवय आहे सांगायची," साहेब म्हणाले. ज्या बाईच्या तोंडून वर्षात त्यांनी चार शब्द ऐकले नव्हते, तिच्याबद्दल.

शेठजींनी माझ्याकडं बघत बघतच दोन्ही बोटं दाबली. एकदा, दोनदा, मग दाबून धरली. कोकरू एक पाय उचलून थांबलं. गाणं एकाच सुरावर अडकलं. दुकानात त्या सुराशिवाय काही ऐकू येईना.

"ह्यांना आधीच ठाऊक होतं," शेठजी सावकाश म्हणाले. "म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं. आणि मला विकायला आणलं."

"शेठजी, शपथेवर सांगतो," साहेब म्हणाले. मग दादांकडं वळले. "तुला माहीत होतं?"

"नाही." दादांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी शंभर वेळा खेळलोय."

"ह्यांना वाटलं माझ्याच हाताचा दोष हाय," मी म्हणाले. "मला ठाऊक होतं. अडकायचं हे. कशानं ते आत्ता कळलं. मीच ओकेच्या चिठ्ठ्या लावल्या त्याच्यावर."

साहेबांनी चहाचा कप दूर सारला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"पण कशानं?" दादांनी विचारलं. ते माझ्यावर चिडले नव्हते, त्यांना खरोखरच कळून घ्यायचं होतं.

मला सांगता येईना. मग काउंटरवरचे सेल दिसले. मी शेठजींकडं बघितलं, त्यांनी मान हलवली. मी एक सेल पुढं उभा केला आणि त्याच्या मागं सात लावले.

"हा म्होरक्या," मी म्हणाले. "कळपात समदी मेंढरं माणसाकडं बघत न्हाईत. म्होरक्याकडं बघत्यात. आता मी ह्या बाजूनं हाक मारली आन् तुम्ही त्या बाजूनं. एकाच टायमाला. म्होरक्यानं कुणाचं ऐकायचं? तो जागच्या जागी उभा ऱ्हातो. आन् मागच्यास्नी कळत न्हाई कुठं जायचं, ती एकावर एक येत्यात." मी मागचे सेल ढकलले, ते पुढच्यावर आदळून काचेवर घरंगळले. "आमच्यात दोघं एकदम हाक मारत न्हाईत. सासू मारती तवा मी गप असती."

दादा त्या घरंगळलेल्या सेलांकडं बघत राहिले. मग खाली खुर्चीत बसले.

"डावं दाबलं तर काय करायचं ते लिहिलंय," ते स्वतःशीच म्हणाले. "उजवं दाबलं तर काय करायचं ते लिहिलंय. दोन्ही दाबलं तर काय, हे लिहिलंच नाही. मागची सात तेच शोधत बसतात." मग माझ्याकडं वर बघितलं. "दोघांनी हाक मारलीच चुकून, तर मग खरोखर काय होतं?"

"काय व्हायचंय. उभी ऱ्हातात, आन् थोड्या टायमानं खाली मान घालून चरायला लागत्यात."

शेठजी हसायला लागले. पोट हलवून, आवाज न करता. "साहेब, तुमच्या कारखान्यात एकच माणूस हुशार आहे, आणि तिला तुम्ही बोलू देत नाही." मग हसणं थांबवून म्हणाले, "दसऱ्यापर्यंत नीट करून आणा. दसऱ्यानंतर मी दुसऱ्याचा माल भरणार."

परत येताना जीप न्हावऱ्याजवळ आली तेव्हा मी मान दुसरीकडं वळवून बसले होते. खोलीत आल्यावर मुलीनं विचारलं, "आई, जिंकलीस?" मी तिला जेवायला वाढलं.

सोमवारी मी कामाला गेले ते निरोप ऐकायलाच. पिशवीत माझा टेबलावरचा फडका आणि पेला ठेवायला जागाही करून ठेवली होती. वहिनींना रविवारचं कळलं होतं. त्या माझ्या टेबलाशी आल्या, मोडका रिमोट उचलला, उघड्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"वरीसभर असल्यावर खेळलीस?"

"व्हय."

"आन् मागायचं तोंड न्हाई तुला?" त्यांनी रिमोट दणकन ठेवला. पण नंतर त्यांनीच साहेबांना बोलावलं.

साहेबांनी माझ्यापुढून ओकेच्या चिठ्ठ्यांची थैली उचलली. "ही आता तुमच्याकडं नको," ते म्हणाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, बरोबरच होतं ते. "जुन्या नमुन्यांवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढायच्या आणि सगळ्या परत तपासायच्या. तुमचं काम आता चिठ्ठी लावायचं नाही. दादा सुधारून देतील ती कॅसेट अडकवून दाखवायचं. अडकली नाही तरच पुढं."

दसऱ्यापर्यंत दादा रोज आले. मी मांडीवर रिमोट ठेवून दोन बोटांनी, चार बोटांनी, तळव्यानं, कोपरानंसुद्धा दाबलं. आणखी दोन ठिकाणी अडकवलं. एकदा कोकरू जमिनीतून खाली पडून गेलं, ते दादांनी दुरुस्त केलं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून म्हटलं, "आता दोन्हीकडून हाक मारा." मी डावं-उजवं एकदम दाबलं. कोकरू थांबलं. घंटी एकदा वाजली, त्यानं मान खाली घातली आणि मागची सातही चरायला लागली. बोट उचललं की परत चालायला तयार.

वहिनी मागं उभ्या होत्या. "बरं दिसतंय," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं ऐकायला मिळणं म्हणजे पुष्कळ.

शेठजींनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी माल घ्यायचं नक्की केलं. पहिल्याएवढा नाही, थोडा कमी. वर्षअखेरीपर्यंत कारखाना चालेल इतका. पुढंही तो रेटत रेटत तीनेक वर्षं चालला, सीडीवाले गेम आल्यावर बंद पडला. तोवर मुलगी सातवीत गेली होती.

दिवाळीत मुलीचे वडील खोलीवर आले तेव्हा मी त्यांना कोकराचं सगळं सांगितलं. दिवाळी झाल्यावर कळप निघाला. शिक्रापूरच्या चौकातूनच त्यांची वाट होती. मी कारखान्याबाहेर येऊन उभी राहिले. दोन्ही बाजूंनी ट्रक थांबले होते, धूळ उडत होती. पुढं म्होरक्या, मग मेंढरं, मग घोड्यावर सामान आणि सामानावर बसलेल्या सासूबाई. स्वैपाकाला त्यांनी माहेरची एक पुतणी बरोबर घेतली होती. मुलीचे वडील सगळ्यांच्या शेवटी होते. माझ्यापाशी आल्यावर चालणं जरा हळू केलं, पण थांबले नाहीत. थांबता येत नाही.

"पोरगी?"

"शाळंत."

ते थोडं पुढं गेले. मग वळून म्हणाले, "आन् तुझं ते टीव्हीतलं? चरतंय का?"

"चरतंय," मी म्हणाले.

"मग बरं," ते म्हणाले, आणि कळपाच्या मागं गेले.